शिट्टीवाल्या बाईंचा तळतळाट

संपादकांचा फोन आला, "बाई, मैदानावरचे प्रेरणादायी प्रसंग लिहा." मी म्हटलं, प्रेरणा घेणारी माणसं मांडवात खुर्चीवर बसलेली असतात. पंचाच्या वाट्याला ऊन, धूळ आणि शिव्या येतात. त्यातलं काही चालणार असेल तर लिहिते. ते हसले आणि चालेल म्हणाले. संपादकांना दिवाळीच्या तोंडावर काहीही चालतं.

इस्लामपूरच्या एका मुलींच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका होते. आता निवृत्त आहे. जिना उतरताना कठडा धरावा लागतो, आणि आवाज असा बसलाय की भाजीवालीसुद्धा दोनदा विचारते. माझा मूळचा खेळ खो-खो. फुटबॉल आमच्या शाळेत आला तो कपाटातून. कुठल्याशा योजनेतले दोन चेंडू हवा जाऊन पडून होते आणि तपासणी यायची होती. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, एवढे वापरात असल्याचं दिसलं पाहिजे." मी हवा भरली, चेंडू मैदानावर टाकला, आणि मुली त्याच्यामागे अशा सुटल्या की पुन्हा तो कपाटात गेलाच नाही. मग मी सांगलीला पंचांच्या शिबिराला गेले, परीक्षा दिली आणि शिट्टी घेऊन आले. मुलींच्या सामन्यांना बाई पंच असावी असं सगळ्यांना वाटायचं आणि तशी बाई जवळपास मीच होते. त्यामुळे शनिवार-रविवार म्हणून जे काही असतं ते मी फारसं पाहिलेलं नाही.

पंचाचं काम म्हणजे नियम सांगणं, असं लोकांना वाटतं. नियम काय, मोबाइलवर मिळतात. खरं काम म्हणजे खाली पडलेल्या पोरीला लागलंय की नाही हे ओळखणं, आणि तेही आपल्याला धाप लागलेली असताना, निम्मं गाव एका बाजूनं आणि निम्मं दुसऱ्या बाजूनं ओरडत असताना. नाटक करणारी आधी ओरडते आणि मग पडते. पडली की माझ्याकडे बघते. पाय धरते, तोही घाईत कधी कधी दुसराच. जिला खरं लागलेलं असतं ती गप्प होते. तिला तेव्हा पंच नको असतो, कार्ड नको असतं, आईसुद्धा नको असते.

हे मी शिबिरात शिकले नाही. कोरेगावजवळच्या आमच्या गावात डबा ऐसपैस खेळताना शिकले. माझा थोरला भाऊ अण्णा याच्यावर राज्य यायची वेळ आली की तो अंगठ्याला थुंकी लावून 'टाइम प्लीज' म्हणायचा आणि पायात काटा मोडल्यासारखा खाली बसायचा. तो काटा कधी कुणाला सापडला नाही. मी कच्चं लिंबू होते. म्हणजे खेळात असायचे, पण माझ्यावर राज्य यायचं नाही, त्यामुळे बघायला भरपूर वेळ मिळायचा. लहानपणचे खेळ निर्मळ असतात असं जे लिहितात ते बहुधा फारसे खेळलेले नसावेत. आमच्यात ढकलाढकली होती, चिमटे होते, रडीचा डाव तर रोजचाच होता. पुढे मैदानावर मी जे जे लबाड पाहिले, ते सगळे मला अण्णासारखे दिसत आले. अण्णाला हे सांगितलं की तो अजून चिडतो.

एकदा तासगावच्या बाजूला मुलांचा सामना होता. पंच कमी पडला म्हणून मला उभं केलं. गावच्या संघातला एक उंच पोरगा गोलच्या तोंडाशी असा कोसळला की मीसुद्धा क्षणभर फसले. डोळे मिटलेले, मान कलती. इतक्यात गर्दीतून त्याची आजी नऊवारीचा काष्टा खोचत आत आली, आणि ज्याच्या धक्क्यानं नातू पडला होता त्याच्यामागे पायताण घेऊन लागली. "माज्या लेकराला मारतूस व्हय रं मुडद्या?" आजी पुढे, दुसऱ्या संघाचा पोरगा तिच्याही पुढे. ते बघून आमचा मेलेला पोरगा ताडकन उठला आणि आजीला अडवायला सगळ्यांत जोरात पळाला. त्याला पिवळं कार्ड दाखवताना मला हसू आवरेना. आजीला कुठलं कार्ड दाखवावं हे शिबिरात शिकवलेलं नव्हतं.

आपल्याकडच्या मुलींची आणखी एक रीत आहे. ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. कुणाला आपला पाय लागला तर आपण वाकून त्याला हात लावतो आणि तो हात कपाळाला लावतो. हे लहानपणापासून इतकं अंगात मुरलेलं असतं की आमच्या मुली फुटबॉलमध्येसुद्धा तसंच करायच्या. नडगीवर लाथ बसली की जिनं मारली तीच लगेच वाकून नमस्कार करायची. सुरुवातीला मला गंमत वाटायची. मग आष्ट्याकडच्या एका संघात एक बचावपटू निघाली. ती लाथ आणि नमस्कार दोन्ही ठरवूनच आणायची. मारायची, वाकायची, कपाळाला हात लावायची आणि माझ्याकडे निरागस बघायची. मी कार्ड काढलं की सगळा मांडव माझ्यावरच उलटायचा. "आवं बाई, पाया पडली की पोरगी. आता कसलं कार्ड?" आपल्या लोकांच्या मनात हे पक्कं बसलेलं आहे. पाया पडलं की फिटलं. कायदा, नियम, सगळं त्याच्या खाली. मला तेव्हा या गोष्टीचा फार राग यायचा.

आता जी गोष्ट सांगायला बसले आहे तिच्याकडे येते. माणसांची नावं बदलली आहेत. गाव कृष्णाकाठचं आहे, एवढं पुरे.

स्नेहल माझी शाळेतली विद्यार्थिनी. दहावीनंतर ती गावी परत गेली, बारावी झाली आणि पोलीस भरतीच्या मागे लागली. आमच्या भागात पहाटे कुठल्याही रस्त्यावर जा, भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतात. स्नेहल त्यांतलीच, पण पायात खरी ताकद असलेली. वडील सैन्यात, सुट्टीला येतील तेव्हाच घरी. घरातले कर्ते म्हणजे चुलते. त्यांना सगळे आबा म्हणत. भारदस्त माणूस, पांढऱ्या मिशा, आवाज मोठा, मनानं वाईट नाही. त्यांनी पुतणीला एकच सांगितलं होतं, "ही एक भरती बघायची. झालीस तर झालीस. न्हाईतर विट्याचं स्थळ आलंय, ते करायचं." विट्याच्या बाजूची पुष्कळ माणसं दूर दूर गलाईची, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायची, दुकानं टाकून असतात. हा मुलगाही तसाच, कुठे तरी आंध्रात. तिकडे गेली की भरती, पळणं सगळं संपलं, हे स्नेहलला माहीत होतं.

त्या वर्षी गावच्या यात्रेत कुस्त्यांच्या जोडीनं मुलींचा फुटबॉलही ठेवला होता. मंडळाचे अध्यक्ष आबाच. गावचा संघ अंतिम सामन्यात गेला होता आणि समोर मिरजेच्या मुली होत्या. भरतीची मैदानी चाचणी तोंडावर आलेली. स्नेहल भरतीच्या तयारीला जायची त्या अकॅडमीच्या सरांनी तिला खेळू नको म्हणून सांगितलं होतं. आबा म्हणाले, "गावची अब्रू हाय. कप्तान घरात बसल्यावर कसं व्हायचं?" ती खेळली. पंच मी होते.

यात्रेतल्या सामन्याला जायचं तर स्कूटीचं तोंड आधी रस्त्याकडे करून लावायचं, हे मी फार पूर्वीच शिकलेय. तशी लावली, नारळ फुटला, माइकवाल्यानं माझं नाव शिट्टीवाल्या बाई असंच पुकारलं, आणि खेळ सुरू झाला. या माइकवाल्याबद्दल सांगायला हवं. गावाकडच्या सामन्यात तो सगळं सांगतो. कोण घसरलं, कुणाची चप्पल सुटली, कुणाच्या घरचे बघायला आलेत. त्याच्या तोंडून एकदा गेलं की ते पंचक्रोशीत गेलं.

दुसऱ्या डावात, एकेक गोलची बरोबरी असताना, मिरजेची शाहीन आणि स्नेहल एकाच चेंडूवर आल्या. शाहीननं काही वावगं केलं नाही. चेंडूच काढला. पण स्नेहलचा पाय जमिनीत रुतला आणि अंग गुडघ्यावर वळलं. ती खाली बसली. ओरडली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. बुटाची नाडी बांधतेय असं दाखवत तिनं मान खाली घातली. 

मी जवळ गेले. "काय झालं गं?"

"काय न्हाई बाई."

वरच्या ओठावर घाम होता आणि नाडीची गाठ काही बसत नव्हती. मी हात वर करून डॉक्टरांना बोलावणार, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "बाई, नगा बोलवू. माइकवाला सांगंल. आबास्नी समजंल पाय गेला म्हनून. मंग भरतीला जाऊच देनार न्हाईत."

"अगं पण खेळू नकोस. बदली घे."

"बदली कशापायी, असं इचारत्याल. आबा सोडनार न्हाईत मला आता. बाई, तुमीच काडा की भाईर. पन पायाचं नाव नगा घिऊ."

"कार्ड असं मागून मिळतं का? तू काय केलंस म्हणून काढू?"

ती उठली. कशी उठली तिचं तिला माहीत. चेहरा कोरडा. "मंग करते कायतरी," म्हणाली आणि माझ्यापासून दूर झाली.

आयुष्यभर नाटकं पकडली, पण ती सगळी लागल्याची. न लागल्याचं नाटक मी पहिल्यांदा एवढ्या जवळून बघत होते, आणि ते मला मोडवेना. त्याहून भीती दुसरीच होती. बाहेर जायचं म्हणून ही आता कुणाला तरी लाथ घालणार. शाहीन तिच्यापासून दोन हातांवर उभी होती. एका पोरीचा गुडघा गेलाच आहे, दुसरीचाही जाईल, या धास्तीनं माझी शिट्टी तोंडातच होती.

खेळ सुरू झाला. चेंडू शाहीनकडे आला. स्नेहल तिच्याकडे वळली, थांबली, आणि मग सरळ माझ्या दिशेनं आली. चालत. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "ए म्हातारे, डोळं फुटलं का गं तुजं? दिसतंय का काय? मिरजेचं खाऊन आलीयास व्हय?"

 तिनं मला सहावीपासून बाई म्हटलेलं. माझ्या डब्यातलं खाल्लेलं. मला 'तू' म्हणताना तिच्या तोंडाला किती जड गेलं असेल, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण डोळे फक्त मलाच दिसत होते. बाकीच्यांना पाठ दिसत होती. मी शिट्टी मारली आणि लाल कार्ड काढलं. पंचाला अपशब्द वापरला तर दुसरं काही देताच येत नाही. ती वळली आणि ताठ मानेनं चालत रेषेबाहेर गेली. लंगडली नाही. ती कशी चालली हे मी अजून विसरलेले नाही. माइकवाला ओरडत होता, "आपल्या कप्तानाला लाल कार्ड! बाईंशी उद्धट वागणूक! काय म्हणावं या पिढीला!"

गावचा संघ हरला. बक्षीस समारंभाला मी थांबायची नव्हते, पण स्कूटीपर्यंत पोचायच्या आत आबा पुतणीचा दंड धरून समोर आले. मागे सगळी गर्दी. त्यांचा चेहरा लाजेनं काळवंडला होता. "बाई, आमच्या घरात असलं वळन न्हाई. पोरगी चुकली. ए, पाया पड बाईंच्या. खाली वाक. डोकं टेक."

गुरूच्या पायावर डोकं टेकायचं म्हणजे गुडघे मोडून बसायला लागतं. मी स्नेहलकडे बघितलं. तिचा रंग उडाला होता. तिला वाकता येणार नव्हतं, आणि वाकली तर परत उठता येणार नव्हतं. मला विचार करायला वेळ नव्हता. मी दोन पावलं मागे सरले आणि मला येईल तेवढ्या कडक आवाजात म्हटलं, "मला नको हिचा नमस्कार. माझ्या पायाला हात लावायची हिची लायकी नाही. घेऊन जा हिला समोरून."

आबांचा हात खाली आला. आपल्याकडे पाया पडणाऱ्याला कुणी झिडकारत नाही, वैऱ्यालाही नाही. गर्दीतली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "लय माजलीया मास्तरीन." मी स्कूटी सुरू केली. तोंड रस्त्याकडे होतं म्हणून बरं झालं.

पुढचं सांगायला जीव थकतो. त्या शिवीचा कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. तो सगळीकडे फिरला, त्याला गाणंही लावलं होतं. इस्लामपूरच्या बाजारात पोरं माझ्यामागनं 'डोळं फुटलं का गं' म्हणत जायची. शाळेत सहकारी खालच्या आवाजात विचारायचे, बाई, एवढ्या मुलीला शिकवलंत, काय फळ मिळालं?  खरं सांगितलं तर ते संध्याकाळपर्यंत आबांच्या ओसरीवर पोचलं असतं.

स्नेहल भरतीला गेली. गुडघ्याला पट्टी बांधून आठशे मीटरला उभी राहिली आणि अर्ध्यात मागे पडली. पाय मुरगळला, असं तिनं घरी सांगितलं. आणि मग गावात ते सुरू झालं. बाईंचा तळतळाट लागला. गुरूनं पायाला हात लावू दिला नाही, मग दुसरं काय होणार? कमी काही पोरीत नव्हतं, शाप आडवा आला. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच बसून रडले. मी तिला वाचवायला गेले आणि गावानं मलाच तिच्या अपयशाचं कारण ठरवलं.

थोड्या दिवसांनी आबा माझ्या घरी आले. बरोबर स्नेहल, नारळ आणि पेढे. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "बाई, विट्याचं जमत आलंय. पोरगं चांगलं हाय. पन घरातल्या बायका आडून बसल्यात. गुरूचा तळतळाट डोक्यावर घिऊन पोरगी उजवायची न्हाई म्हनत्यात. पुढं लेकराबाळांना भवतंय. तुमी तेवढं माफ केलं म्हना. तारीख धरता येईल."

मी काही बोलणार, तेवढ्यात माझं लक्ष दाराशी उभ्या स्नेहलकडे गेलं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी माफ केलं की लग्न. नाही केलं तर लग्न अडलं. त्या घरात तिचं कुणी ऐकणार नव्हतं, तिच्या बापाचंही नाही, पण माझ्या रागाला सगळे भीत होते.

मी तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे? करू का माफ?"

"नगा करू बाई," ती खाली बघून म्हणाली. "मी लय वंगाळ बोललीया. एवढ्यात नगा करू."

आबांचे डोळे भरून आले. त्यांना वाटलं पोरीला पश्चात्ताप झालाय. मी घसा साफ केला. "ऐकलंत? तिलाच कळतंय. माझा राग असा नारळानं जाणारा नाही. वर्षभर दर रविवारी तिला माझ्या मैदानावर पाठवा. फक्की मारेल, जाळी बांधेल, मैदान झाडेल. वर्षानं बघू." फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायची पांढरी पूड. आबा बरं म्हणाले आणि नारळ परत घेऊन गेले. पेढे मात्र ठेवून गेले. ते माझ्या घशाखाली उतरले नाहीत.

स्नेहलनं फक्की किती मारली हे विचारू नका. ती आली की आम्ही एसटीनं मिरजेला जायचो. मिरजेत हाडांचे दवाखाने पावलापावलावर आहेत. तिथल्या एका डॉक्टरांनी गुडघा तपासून सांगितलं, आतलं लिगामेंट पूर्ण तुटलेलं नाही, नशीब. व्यायाम सांगितले. त्या पोरीनं ते व्यायाम घरात न सांगता, गोठ्यात, माडीवर, जमेल तिथे केले. मध्यंतरी मी निवृत्त झाले, तरी रविवार चालूच होते. कधी ती खचायची, "बाई, न्हाई व्हायचं," म्हणायची. कधी मी खचायचे, पण मी म्हणायचे नाही. पुढच्या भरतीत ती पळाली. डॉक्टरी तपासणीत गुडघा नीट निघाला. ती निवडली गेली.

गावात सत्कार ठेवला. मला बोलावणं नव्हतं, पण स्नेहलनं गळ घातली म्हणून गेले आणि मागच्या रांगेत बसले. फलकावर आबा होते, अकॅडमीचे सर होते, मंडळाची सगळी पोरं होती. माइकवाला तोच. तो म्हणाला, "गुरूच्या तळतळाटावर मात करून आपल्या लेकीनं गावाचं नाव राखलं!" टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईनं माझ्याकडे बघून खुर्ची जरा बाजूला सरकवली. मला वाईट वाटलं नाही म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. वाटलं. पण मी मनात म्हटलं, चला, हिशेब माझ्यापाशीच संपला, दुसऱ्या कुणाला यात झळ लागली नाही.

तेवढ्यात आबा मंचावरून उतरले. सत्काराची शाल त्यांनी स्वतःच्या खांद्यावरून काढून हातात घेतली होती. ते माझ्यापाशी आले. खूप वाळले होते, एवढं मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मिशीला हात लावत हळू आवाजात म्हणाले, "बाई, आता तरी?"

मी म्हटलं, "केलं माफ, आबा. कधीच केलं."

तो एवढा मोठा माणूस माझ्यासमोर मातीत खाली बसला आणि शालीत तोंड घालून रडायला लागला. "मीच तिला खेळाय लावलं," म्हणाले. "अकॅडमीचं सर नगं म्हनत हुतं, तरी मी लावलं. ती न्हाई चुकली, मी चुकलो. नातवाला ताप आला तरी मला तुमचं तोंड दिसायचं. म्हस आटली तरी तुमचं तोंड. देवाला नारळ फोडाय हात उचलंना. झोप न्हाई बाई मला. कुनाला सांगू?"

मी त्यांना उठवलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ओठावर आलेलं सगळं खरं मी गिळलं, कारण मंचावर पोरगी हारांत बुडून उभी होती आणि माइक चालू होता. वर्षभर हा माणूस माझ्यामुळे झोपला नव्हता आणि मी मिरजेला जाऊन येत होते, मनात थोडी खूशही होते. मला हे दिसायला हवं होतं.

स्नेहल आता नोकरीत कायम झाली आहे. परवा भेटायला आली तेव्हा मी तिला हे सगळं लिहू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "लिवा बाई. अंक मी घरी नेते आनि आबास्नी वाचून दावते. मला तोंडानं सांगाय जमंना झालंय." मलाही तोंडानं जमलेलं नाही. म्हणून, आबा, इथेच सांगते. पोरीनं मला दिलेली शिवी तुम्ही ऐकलीत, पण त्याआधी तिनं मला काय सांगितलं होतं ते तुम्हाला ऐकू आलं नव्हतं. मला तिचा राग एक दिवसही आला नाही. तळतळाट नव्हताच, आबा. नातवाला ताप हवेनं आला असेल, म्हैस वयानं आटली असेल. तुम्ही आता झोपा.